सतरा पुस्तकं आणि मंगळवारची सभा

परवा सांगलीच्या एका मित्राचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "काय रे, तुमच्या अमेरिकेत म्हणे ग्रंथालयातून पुस्तकं काढतायत? मग इतकी वर्षं आम्हाला कसले डोस पाजत होतास?"

टोमणा वर्मी लागला. कारण डोस मी खरंच पाजले आहेत. २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे पीएच.डी.साठी इथे आलो आणि नुसता भाडेकरार दाखवून ग्रंथालयाचं कार्ड हातात पडलं. ना डिपॉझिट, ना वर्गणी. तेव्हापासून प्रत्येक भारतभेटीत "तिकडे असलं काही होत नाही" हे माझं पालुपद! असो. मी चूक होतो, आणि नेमकं कुठे चुकलो ते आज सांगायचं आहे.

टेक्सासमध्ये लॅनो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच, पण वस्ती एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०२१ साली काही लोकांच्या तक्रारींवरून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातून सतरा पुस्तकं काढली गेली. त्यात लहान मुलांची पादण्याबिदण्यावरची विनोदी पुस्तकं होती, आणि इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' हे पुस्तकही होतं. अमेरिकेतला वर्णभेद आपल्या जातिव्यवस्थेशेजारी ठेवून बघणारं हे पुस्तक. त्यात आपले बाबासाहेबही भेटतात. म्हणजे ही भानगड वाटते तितकी आपल्यापासून लांबची नाही.

काही वाचक कोर्टात गेले. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पुस्तकं परत ठेवायला सांगितली. त्यावर काउंटीच्या कारभाऱ्यांनी, पुस्तकं ठेवण्यापेक्षा ग्रंथालयंच बंद करावीत का, यावर चक्क बैठक घेतली! (बंद केली नाहीत.) मे २०२५ मध्ये वरच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. ग्रंथालयाने अमुक पुस्तक ठेवावं असा घटनात्मक हक्क वाचकाला नाही, असं बहुमताने सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. संपलं.

माझी चूक इथे होती. मला वाटायचं, अमेरिकेत पुस्तकं सुरक्षित आहेत ती राज्यघटनेमुळे. पण फडताळावर काय राहणार हे ठरतं गावच्या ग्रंथालय मंडळात आणि त्या मंडळाला नेमणाऱ्यांच्या निवडणुकीत. तिथे जो येऊन बसतो त्याचं चालतं.

मिशिगनमधल्या जेम्सटाउनचं उदाहरण घ्या. इथे बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयाचा खर्च घरपट्टीतून चालतो आणि त्या करावर लोक मतदान करतात. जेम्सटाउनच्या ग्रंथालयात समलिंगी विषयांवरची मोजकी पुस्तकं होती. ती काढत नाहीत म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये मतदारांनी कर नाकारला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नाकारला. ग्रंथालयाला टाळं लागायची वेळ आली तेव्हा कुठे नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिसऱ्या खेपेला, कर मंजूर झाला.

आता तुमच्यातले काही म्हणतील, "अरे, कर भरणाऱ्या आईबापांनी लक्ष घातलं तर बिघडलं काय?" काहीच नाही. मलाही सात वर्षांची मुलगी आहे. तिने काय वाचावं यावर आमच्या घरात रोज वाद होतात. पण मला नको असलेलं पुस्तक मी घरी आणणार नाही, इतकाच माझा अधिकार. शेजाऱ्याच्या मुलानेही ते वाचू नये, हे ठरवणारा मी कोण? कर तोही भरतो.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय खरा, पण आमच्याच गावात काय झालं ते ऐका. गेल्या वर्षी एका चित्रमय पुस्तकाविरुद्ध तक्रार आली. मंडळाची सभा महिन्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी सातला. कुणीही यावं, तीन मिनिटं बोलावं. इतक्या वर्षांत मी एकदाही फिरकलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. पुस्तक काढा म्हणणारे अकरा जण, नको म्हणणारे चार. मी पाचवा, पण माझं तोंड उघडलं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला माणूस मी, उगाच नाव नोंदवून कशाला बोला, असा हिशेब केला. काठी टेकत आलेल्या एक आजीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी हे पुस्तक पूर्ण वाचलंय, तुमच्यापैकी कुणी वाचलंय? पुस्तक एका मताने वाचलं. ते मत माझ्यामुळे फिरलेलं नव्हतं. घरी येताना स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. पुढच्या महिन्यात गेलो आणि बोललो. आवाज कापत होता, पण बोललो.

म्हणून मित्राला म्हटलं, बाबा, आता डोस नाही, एक प्रश्न. आपल्याकडची बहुतेक वाचनालयं १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेतात आणि सभासदांनी निवडलेलं कार्यकारी मंडळ ती चालवतं. दरवर्षी सूचनाफलकावर वार्षिक सभेचा कागद लागतो. खाली ठरलेली ओळ असते, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. म्हणजे तुम्ही येणार नाही हे छापतानाच गृहीत धरलेलं! त्या सभेला तू शेवटचा कधी गेला होतास?

तो हसला. म्हणाला, "सभासदत्व तरी चालू आहे की नाही, बघायला लागेल."

उद्या तुमच्या वाचनालयात दहा माणसं येऊन एखादं पुस्तक काढा म्हणाली, तर ग्रंथपालाच्या बाजूने बोलायला खोलीत कोण असेल? तुटपुंज्या पगारावरच्या त्या माणसाने एकट्याने किल्ला लढवावा अशी आपली अपेक्षा असेल, तर पुस्तक गेल्यावर गळा काढू नये.

वर्गणी भरून टाका. आणि यंदा तरी, अर्ध्या तासाने नव्हे, वेळेवर जा.