तापाची मजुरी कोणी द्यायची?

लस चांगली की वाईट, हा वाद या लेखाचा विषय नाही. त्याचा निकाल इतिहासाने केव्हाच दिला आहे. देवीचा रोग १९७५ नंतर या देशात दिसला नाही आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली त्या रोगातूनही आपली मुक्तता झाली. ही किमया लसीची आहे, आणि उन्हातान्हात घरोघर हिंडणाऱ्या सामान्य आरोग्यसेविकांची आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी आमचे भांडण उघड आहे. आज मात्र आम्हांस भांडायचे आहे ते लसीच्या शत्रूंशी नव्हे, तर तिचे मित्र म्हणवून गरिबाच्या दंडाचा हिशेब चुकविणाऱ्यांशी. आणि थोडेसे स्वतःशीही.

प्रथम स्वतःची कथा सांगतो. मी हर्सूलचा रहिवासी, निवृत्त शिक्षक. २०२१ च्या मार्च महिन्यात साठीपुढील नागरिकांना लस खुली झाली, तेव्हा मी पहिल्या काही दिवसांतच ती घेतली. अर्धा तास खुर्चीत बसविले, तापाच्या चार गोळ्या हातात दिल्या आणि घरी पाठविले. रात्री थंडी वाजून ताप भरला. अंग मोडून आले, दंड लाकडासारखा जड झाला. दोन दिवस मी अंथरुणातून उठलो नाही. पत्नीने पेज केली, मुलाने चौकशी केली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन नेहमीप्रमाणे जमा झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या बाजूला फिरायला गेलो, तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटलो, “घ्या, घ्या, काही होत नाही!”

हे वाक्य खोटे होते. दोन दिवस तापाने फणफणलेला माणूस “काही होत नाही” म्हणत होता. पण ते खोटे आहे हे मला कळायला सहा महिने जावे लागले.

सप्टेंबरमध्ये आमच्या वस्तीतील एका बाईला मी लस घेण्यास राजी केले. वय पन्नाशीच्या आसपास, काम बांधकामावरील बिगारीचे. रोज सकाळी जळगाव रस्त्याने चालत जाऊन मजूर अड्ड्यावर उभे राहायचे; पण त्या वेळी तिला एका मुकादमाकडे महिनाभराचे सलग काम मिळाले होते. “काही होत नाही” हे माझे वाक्य मी तिलाही ऐकविले. तिने विश्वास ठेवला. लस तीच, ताप तोच, आणि त्या तापाने तीही तीन दिवस उठू शकली नाही. चौथ्या दिवशी ती कामावर गेली, तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई घमेले उचलत होती.

ती माझ्याकडे भांडायला आली नाही. पाण्याच्या टँकरपाशी भेट झाली तेव्हा एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुम्ही म्हणले होते काही होत नाही. तीन खाडे झाले, काम गेलं. आता दुसऱ्या सुईचं माझ्याजवळ बोलू नका.” आणि त्या गल्लीतील कोणीही पुढचे दोन महिने माझ्याशी सुईविषयी बोलले नाही.

मित्रहो, या प्रसंगात अज्ञान कोणाचे होते? त्या बाईला लसीचा परिणाम ठाऊक झाला होता, आणि तिने त्याचा हिशेबही चोख केला होता. अज्ञान होते ते माझे. वैद्यकाच्या दृष्टीने लसीनंतरचा ताप हा किरकोळ, अपेक्षित आणि दोन दिवसांत ओसरणारा परिणाम आहे; शरीराची संरक्षक यंत्रणा कामाला लागल्याची ती खूण आहे. हे सर्व खरे. परंतु ज्याच्या खात्यात रजा शिल्लक आहे त्यालाच तो किरकोळ. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची विझलेली चूल. शरीरावरचा परिणाम सर्वांना सारखा. पोटावरचा परिणाम वर्गानुसार वेगळा. आणि या दुसऱ्या परिणामाची नोंद कोणत्याही सरकारी तक्त्यात होत नाही.

आता शासनाने काय केले ते पाहू. २०२१ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या औरंगाबाद आणि आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पात्र नागरिकांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच लस घेतली होती. राज्याचे प्रमाण ७४ टक्क्यांच्या घरात होते. छत्तीस जिल्ह्यांत आपला क्रमांक सव्विसावा. या लाजिरवाण्या आकड्याची कारणे शोधायला हवी होती. ताप आल्यास मजुरी कोण देणार, लसीकरणाची वेळ मजुराच्या वेळेशी का जुळत नाही, उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात त्या भाषेत समजावणारे कोणी आहे काय, हे प्रश्न विचारायला हवे होते. त्याऐवजी आदेश निघाला : ज्याने निदान एक मात्रा घेतली नसेल त्याला रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही.

या तीन गोष्टी एका पंक्तीत बसविणाऱ्या नोकरशाही बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडेच! मोटारवाल्याचे पेट्रोल आणि विधवेचे गहू तिच्या लेखी एकच. मोटारवाल्याने प्रमाणपत्र केव्हाच भ्रमणध्वनीत साठवले होते. आदेशाचा फास बसला तो शिधापत्रिकेवर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जे धान्य नागरिकाचा हक्क म्हणून मान्य केले, त्याला दंडावरील सुईची अट घालण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला? भूक हे शासनाच्या हातातील हत्यार होऊ शकते, असे एकदा मान्य केले की उद्या ते कशासाठी वापरले जाईल याची हमी कोण देणार?

कोणी म्हणेल, पण रांगा लागल्या ना? होय, लागल्या. आमच्या गल्लीतूनही लागल्या. त्या बाईची सूनही रांगेत उभी होती. मी तिला शाबासकी द्यायला गेलो, तर ती म्हणाली, “सुईला नाही आलो, गुरुजी. गव्हाला आलो.” प्रशासनाच्या कागदावर ही एक मात्रा वाढली. पण लोकांच्या मनात काय वाढले, हे त्या उत्तरात स्पष्ट दिसते.

याहून मोठा दांभिकपणा पुढेच आहे. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, संमतीवाचून कोणालाही लस देण्याची कल्पना शासनाच्या धोरणात नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेत, प्रतिज्ञापत्रावर भूमिका घेतली गेली की, लस ऐच्छिक होती, सबब मृत्यूच्या भरपाईची जबाबदारी शासनावर येत नाही. ज्याला दाद मागायची त्याने दिवाणी न्यायालयात जावे. ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. दिल्लीत न्यायासनासमोर लस ऐच्छिक. हर्सूलच्या रेशन दुकानासमोर अनिवार्य. घेतली नाही तर धान्य बंद, आणि घेऊन काही विपरीत घडले तर, “तुम्ही स्वखुशीने घेतली होती!” सक्तीचा फायदा शासनाने घ्यायचा आणि ऐच्छिकतेचा तोटा नागरिकाने सोसायचा, असा हा व्यवहार आहे. सावकाराच्या वहीतही इतका एकतर्फी करार सापडायचा नाही.

विपरीत घडते ते क्वचित, हे आम्ही आग्रहाने सांगू. २०२१ च्या मे महिन्यात राष्ट्रीय समितीने कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची संभाव्य प्रकरणे २६ नोंदविली. दहा लाख मात्रांमागे हे प्रमाण ०.६१ होते. लसीनंतर वीस दिवसांत श्वास लागणे, छातीत वा पोटात दुखणे, पाय सुजणे, तीव्र डोकेदुखी अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, अशी सूचनाही तेव्हा निघाली. ही सूचना आमच्या वस्तीत किती जणांपर्यंत पोचली? माझ्या माहितीत एकाही नाही. वस्तीला गुठळ्यांची बातमी कळली ती थेट २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा ब्रिटनमधील खटल्यात ॲस्ट्राझेनेका कंपनीने असा दुर्मीळ परिणाम संभवतो हे मान्य केल्याचे वृत्त आले. तोवर ती बातमी राहिली नव्हती, अफवा झाली होती. “तीन वर्षांनी आता आम्ही मरणार काय?” असे विचारीत माणसे माझ्या दारात आली. हा धोका पहिल्या काही आठवड्यांपुरता असतो, वर्षांनंतर त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हे सांगून मी दमलो. जे सत्य वेळेवर सांगितले असते तर सावधगिरी ठरले असते, तेच उशिरा कळल्यामुळे घबराट ठरले. म्हणून जे म्हणतात की दुष्परिणामांची वाच्यता केल्यास लोक बिथरतात, त्यांना आमचे उत्तर असे की, लोक बिथरतात ते लपवाछपवीने.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९७ साली प्लेगच्या काळात मुंबईत हाफकिन यांनी लस तयार केली, ती १० जानेवारी रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि तिचा ताप स्वतः सोसला. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घरे धुंडाळून रोगनिवारणाचा जुलूम केला. त्याची परिणती सर्वांस ठाऊक आहे. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले यांनी प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, आणि १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. साथीच्या काळात जनतेकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत : एक रँडचा, एक सावित्रीबाईंचा. १८९७ चाच साथरोग कायदा २०२० साली पुन्हा बाहेर काढणाऱ्या राज्यकर्त्यांनी कोणता मार्ग निवडला हे उघड आहे. प्रश्न आपण कोणता निवडणार हा आहे.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. ज्या देशात लस हे सार्वजनिक धन होते, तेथे ती विक्रीची वस्तू झाली. २००८ साली कसौली, गिंडी आणि कुन्नूर येथील तीन सरकारी लसकारखान्यांचे परवाने स्थगित झाले. ते पूर्ववत व्हायला २०१० उजाडले. परळची हाफकिन ही तर राज्याची स्वतःची संस्था; तिला बळ देण्याची आठवण महामारी दारात आल्यावर झाली. परिणामी २०२१ मध्ये सारा देश मुख्यतः दोन कंपन्यांच्या तोंडाकडे पाहत बसला. त्या मे महिन्यात एकाच कोविशिल्डची किंमत राज्यांना ३०० रुपये आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपये होती. सर्वोच्च न्यायालयाने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाबाबतचे ते धोरण सकृद्दर्शनी मनमानी ठरविले, तेव्हा कुठे जूनपासून मोफत लसीची व्यवस्था पूर्ववत झाली. तरी एक चतुर्थांश साठा खासगी रुग्णालयांसाठी राखीव राहिलाच. नफ्याला सवलत आणि भुकेला शिस्त, हेच या धोरणाचे सूत्र होते.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. लस घेणाऱ्या प्रत्येक श्रमिकाला, ताप आल्यास, किमान दोन दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. बांधकाम मजुरांसाठी कायद्यान्वये उपकर गोळा होतो. त्यातून ही मजुरी देण्यास कोणती अडचण आहे? लसीचे अपेक्षित आणि दुर्मीळ, दोन्ही परिणाम मराठी, हिंदी आणि उर्दूत सुईपूर्वी सांगितले पाहिजेत. विपरीत परिणामांची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. क्वचित कोणाचा जीव गेला वा अपंगत्व आले, तर दोष कोणाचा हे सिद्ध करण्याची अट न घालता, कोर्टाची पायरी न चढता, त्या कुटुंबाला भरपाई मिळाली पाहिजे. अमेरिकेने १९८६ साली आणि ब्रिटनने १९७९ साली त्यासाठी कायदे केले. भांडवलशाही देशांना जे सुचले ते आम्हांस का सुचू नये? समाजाच्या रक्षणासाठी एकाने इजा सोसली, तर समाजाने त्याचा भार उचलावा, हा साधा न्याय आहे. आणि यापुढे कोणत्याही आरोग्य मोहिमेसाठी शिधापत्रिकेला हात लावता कामा नये.

हे न झाल्यास काय होते? २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराने डोके वर काढले. बळी गेली ती गरिबांची मुले, आणि त्यांतील बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. लसीवरील विश्वास ढासळतो, तेव्हा त्याची किंमत आदेश काढणारे मोजत नाहीत.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी एक शब्द. २०२२ च्या जानेवारीत आम्ही चौघांनी वर्गणी काढली, त्या बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीची तजवीज केली, मुकादमाला जाऊन भेटलो, आणि मग मी तिच्या दारात गेलो. या वेळी मी म्हणालो, “ताप येईल. दोन दिवस पडून राहावं लागेल. तिसऱ्या दिवशी तुमचं काम तुम्हांलाच मिळेल, ते मी मुकादमाकडून कबूल करून घेतलं आहे.” तिने जराशाने विचारले, “आणि बाकीच्या बायांचं?” मजजवळ उत्तर नव्हते. वर्गणीने एका घराची चूल पेटते, वस्तीची नव्हे. तिने सुई घेतली. प्रश्न मात्र माझ्या पदरात टाकला. तो आता मी तुमच्या पदरात टाकीत आहे. पुढच्या वेळी वस्तीत जाल, तेव्हा “काही होत नाही” हे वाक्य घरी ठेवून जा, आणि “बाकीच्या बायांचं” काय, याचे उत्तर शासनाकडून वसूल करण्याच्या तयारीने जा.