चारही चाकांचा जोर : रानात आणि सडकेवर

परभणी जिल्ह्याची काळी जमीन जितकी कसदार, तितकीच पावसाळ्यात चिकट व निसरडी होय. केवळ मागील चाकांच्या जोरावर चालणारा ट्रॅक्टर अशा जमिनीत कसा रुतून बसतो, हे पिंगळीच्या शिवारातील कोणाही कास्तकारास सांगावयास नको. सबब पुढील चाकांसही जोर पोचविणारे ट्रॅक्टर घेण्याचा जो प्रघात पडत आहे, तो आमच्या मते योग्यच आहे. परंतु रानात जे तारक, ते डांबरी सडकेवरही तसेच चालू ठेवावे, हा समज मात्र घातक आहे. “जास्तीचे पैसे मोजले आहेत, तर चारही चाके ओढू द्या,” असे म्हणणाऱ्यांनी पुढील विचार अवश्य ध्यानी घ्यावा.

बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक अधिक फिरते व आतले कमी. दोन्ही चाके आसावर मोकळी असल्याने त्यात अडचण येत नाही. ट्रॅक्टरच्या उजव्या-डाव्या चाकांना हीच मोकळीक डिफरन्शियलमुळे मिळते. परंतु पुढचा आस व मागचा आस यांच्यामध्ये अशी मोकळीक नसते. दांडा टाकला की दोन्ही आस एकमेकांस जखडले जातात. आता वळणावर पुढील चाकांस मागल्यापेक्षा लांबचा फेरा पडतो. दोन्ही आसांत 2 मीटर अंतर असून मागील आसाचा मध्य 4 मीटर त्रिज्येने वळला, तर काटकोनी वळणात मागचा आस सुमारे 6.3 मीटर व पुढचा सुमारे 7 मीटर वाट चालतो. हा पाऊण मीटरचा फरक भुसभुशीत मातीत चाक किंचित घसरून आपोआप निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर चाक सहजी घसरत नाही. मग तो सारा ताण दांड्यांवर व दातेरी चाकांवर साचतो.

शिवाय ट्रॅक्टरची पुढील चाके सरळ वाटेवरही मागल्यापेक्षा किंचित अधिक वेगाने फिरावीत, अशीच कारखानदारांची योजना असते. रानात ओढ चांगली मिळावी, हा तीतील हेतू. हा फरक शेकडा 3 धरला, तर सडकेवरील प्रत्येक किलोमीटरास सुमारे 30 मीटर रबर फुकट घासले जाते. पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले, अथवा माप बदललेले असेल, तर हे प्रमाण आणखी बिघडते. या झिजेची नोंद सात-बाऱ्यावर चढत नाही. परंतु टायर व गिअर बदलण्याची वेळ येते तेव्हा तिची वसुली एकदम होते.

सुकाणू जड होणे, वळणावर गाडी आचके देणे, दांडा सुटेनासा होणे, ही ताण साचल्याची लक्षणे समजावीत. अशा वेळी दांड्यावर बळ करू नये. मागेपुढे कोणी नाही हे पाहून काही हात सरळ मागे घ्यावे, किंवा चाके मऊ जमिनीवर आणावीत. ताण उतरला की दांडा सहज सुटतो.

हाच नियम जीपगाडीसही लागू आहे. ही गाडी 1941 पासून अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनू लागली व 1947 मध्ये महिंद्र कंपनीने तिची जुळणी आपल्या देशात सुरू केली. 2010 साली आलेली थारही त्याच वळणाची आहे. मात्र काही मोटारींत दोन आसांमध्येही डिफरन्शियल असते. त्या सडकेवर चारही चाकांनी खुशाल चालतात. म्हणून आपले वाहन कोणत्या जातीचे, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

तथापि, सडकेवर पुढील चाके कधीच जोडू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांस ब्रेक केवळ मागील चाकांस असतात. पुढचा आस जोडला की ब्रेकचा जोर चारही चाकांस पोचतो. जिंतूरकडील डोंगराळ वाटेवर किंवा पुलाच्या तीव्र उतारावर भरलेली ट्रॉली खाली न्यावयाची असेल, तर पुस्तिकेत तशी सूचना असल्यास उतारापूर्वीच पुढची चाके जोडावीत. दोन्ही ब्रेक-पायट्या एकत्र अडकवाव्यात, खालचा गिअर टाकावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. त्याचप्रमाणे सडकेवर चिखलाचा थर असेल, तर तेवढ्यापुरते चारही चाकांचे साहाय्य सावकाश घ्यावे. उतार संपला, चिखल सरला, की दांडा काढावा. येथे टायरच्या झिजेपेक्षा माणसाच्या जिवाचे मोल अधिक आहे.

हे ज्ञान मालकापाशी असून भागत नाही. ट्रॅक्टर बहुधा रोजंदारीचा चालक चालवितो. म्हणून प्रत्येक मालकाने दांड्याजवळ “रानात जोडा, पक्क्या सडकेवर सोडा, उतारास पुस्तिका पाहा” अशी मराठी पाटी लावावी आणि चालकास ती समजावून द्यावी. आपल्या संघानेही खरिपापूर्वी मिस्त्रीकरवी याचे प्रात्यक्षिक ठेवावे. यंत्रासाठी काढलेले कर्ज वर्षानुवर्षे फेडावयाचे असते. कर्ज फिटण्यापूर्वीच यंत्र खिळखिळे झाले, तर त्या जास्तीच्या दोन चाकांनी शेतकऱ्याचे हित साधले, असे कसे म्हणावे?