रांग मोडली की रांग वेगळी?



आज तुम्हाला एका रांगेची गोष्ट सांगायची आहे. खरं तर दोन रांगांची. एक आमच्या शाळेतल्या नळापुढची आणि दुसरी विमानतळावरची. या दोन रांगांची गाठ कशी पडली, ते ऐका.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. शाळेला पाण्याचे नळ दोन, पण त्यातला एक बहुतेक वेळा रुसलेला! त्या दिवशी मधल्या सुट्टीत एकाच नळापुढे तीस-पस्तीस मुलं उभी होती. उन्हं तापायला लागली होती. तेवढ्यात तिसरीतला एक मुलगा पळत आला आणि सरळ पुढे जाऊन बाटली भरू लागला. झालं! "मॅडम, हा मधातच घुसला!" असा एकच कल्ला. मी त्याचा हात धरला आणि त्याला रांगेच्या अगदी शेवटी नेऊन उभं केलं. तो काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, "आधी रांग, मग बोलणं."

त्याच दुपारी चौथीतल्या एका मुलीचे मामा तिला न्यायला शाळेत आले. ते आखाती देशात वायरमनचं काम करतात. नुकतेच सुट्टीवर आले होते. आमचा तिसरी-चौथीचा वर्ग एकत्रच बसतो. मी मामांना वर्गात बोलावलं आणि म्हटलं, "मुलांना विमानप्रवासाचं काही सांगा ना!"

मामा हसून म्हणाले, "विमानात त बसायलाच भेटते जी, पण विमानतळावर उभं राहून राहून पाय दुखून येतात. उतरल्यावर पासपोर्ट तपासायची ही मोठी रांग! आन बाजूलाच काचेचं दार. कोणी यायचं, पासपोर्ट यंत्रावर ठेवायचं, क्यामेऱ्यात पाहायचं, की दार उघडलं. गेला बाहेर! आमी आपले तिथंच."

वर्गात कुजबूज सुरू झाली. सकाळी शेवटी उभा राहिलेला तो मुलगा हळूच उठला आणि म्हणाला, "मॅडम, मंग त्यायले काऊन नाई शेवटी उभं केलं?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. "शनिवारी सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. मग वाचलं, मामांना पुन्हा विचारलं आणि जे समजलं ते शनिवारी वर्गात सांगितलं. तेच आज तुम्हालाही सांगते.

ही रांग असते कशाची?

परदेशी जाणाऱ्या माणसाला विमानतळावर एक नाही, चार ठिकाणी थांबावं लागतं. दाराशी सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. मग विमान कंपनीच्या टेबलाशी सामान द्यायचं आणि विमानात बसायचा पास घ्यायचा. त्याला बोर्डिंग पास म्हणतात. त्यानंतर येतं इमिग्रेशन, आणि शेवटी अंगाची नि हातातल्या पिशवीची तपासणी.

यातलं इमिग्रेशन म्हणजे काय? आपल्या देशातून कोण बाहेर जातं आणि कोण आत येतं, याची नोंद ठेवणारी तपासणी. हे काम केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाचं. तिथला अधिकारी पासपोर्टातला फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो. पासपोर्टाची मुदत संपली नाही ना, ज्या देशात जायचं तिथला परवाना, म्हणजे व्हिसा, आहे ना, हे पाहतो. न्यायालयाने किंवा पोलिसांनी ज्याला देशाबाहेर सोडू नका असं कळवलं आहे, तो हाच तर नव्हे, तेही संगणकावर पाहतो. मग शिक्का मारतो.

आता एक गणित करा. एका माणसाला दोन मिनिटं लागतात असं धरू. तुमच्या पुढे 40 माणसं आहेत आणि टेबल एकच आहे. किती वेळ लागेल? 80 मिनिटं! आणि तपासायला अर्धंच मिनिट लागलं तर? 20 मिनिटं. म्हणजे रांग लांब होते ती केवळ माणसं जास्त म्हणून नाही, तर प्रत्येकाला लागणाऱ्या वेळामुळेसुद्धा.

काचेचं दार कसं उघडतं?

मामांनी पाहिलेल्या दाराला ई-गेट म्हणतात. ज्या योजनेत ते वापरतात, तिचं नाव 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम'. आपण तिला विश्वासू प्रवाशांची झटपट रांग म्हणू या. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर 22 जून 2024 रोजी ती सुरू झाली. पुढे 16 जानेवारी 2025 रोजी मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद अशा आणखी सात ठिकाणी आली. या दारातून साधारण अर्ध्या मिनिटात माणूस पार होतो, असं ती सुरू करताना सांगण्यात आलं.

पण थांबा. तपासणी होत नाही म्हणून ही माणसं लवकर जातात का? नाही! त्यांची तपासणी आधीच झालेली असते. प्रवासाच्या कितीतरी दिवस अगोदर त्यांनी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरलेला असतो. सरकारी यंत्रणा ती माहिती पडताळते. खोटी माहिती दिली तर अर्ज नामंजूर. अर्ज मंजूर झाला की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद करून घेतात. ही नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षं चालते, आणि पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर तोवरच. मग प्रवासाच्या दिवशी बोर्डिंग पास दाखवायचा, पासपोर्ट यंत्रावर ठेवायचा, चेहरा जुळला की दार उघडतं. भारतीय नागरिकांना आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, पण ओसीआय कार्ड असलेल्या मूळ भारतीयांना ही सोय मिळते.

आईबाबांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुरू करतानाच ही सोय विनाशुल्क असल्याचं सरकारने जाहीर केलं होतं. त्यामुळे कोणी "तुमचं नाव झटपट रांगेत घालून देतो, एवढे पैसे द्या" म्हणालं, तर आधी सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावं. आणि 'डिजीयात्रा' वेगळी, बरं का! ती 1 डिसेंबर 2022 रोजी दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीला सुरू झाली. देशातल्या देशात प्रवास करताना विमानतळाच्या दाराशी आणि सुरक्षा तपासणीपाशी चेहरा हीच ओळख, अशी ती सोय आहे. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

हे सांगत असताना मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे त आमच्या कापसावानीच झालं!"

पाहा, पोरांना कसं बरोबर सुचतं! आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. खरेदी केंद्रापुढे कापसाच्या गाड्या रात्र-रात्र उभ्या असतात, हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 2025 च्या हंगामात कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, 'कपास किसान' नावाचं मोबाईल ॲप आणलं. त्यावर आधी नोंदणी करायची, दिवस ठरवून घ्यायचा आणि मग त्या दिवशी गाडी न्यायची. अगदी तेच तत्त्व! कागदपत्रं आधी तपासून झाली, की केंद्रावरची गर्दी कमी.

पण लगेच दुसरा म्हणाला, "आमच्या बाबाकडं साधा फोन आहे. त्यायनं काय करावं?"

हा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. झटपट रांग काढली, तर जुनी रांगही नीट सरकली पाहिजे. आणि ज्याला अर्ज भरता येत नाही, त्याला भरून देणारं कोणी हवं. नाहीतर ज्याच्याकडे चांगला फोन तोच पुढे, असं होईल. आमच्या वर्गाने यावर एक ठराव केला. आपल्या घरात किंवा शेजारी कोणाला असा अर्ज भरायचा असेल, तर मोठ्या दादाने किंवा ताईने सोबत बसून भरून द्यायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

वेगळ्या रांगा तीन

मग आम्ही फळ्यावर वेगळ्या रांगांचे तीन प्रकार लिहिले.

पहिला प्रकार आधी तयारी केलेल्यांचा. तो आपण पाहिलाच. अमेरिकेतही 'ग्लोबल एन्ट्री' नावाची अशीच योजना 2008 सालापासून आहे. मात्र तिला शुल्क पडतं.

दुसरा प्रकार पैशांचा. महाग तिकीट काढणाऱ्यांसाठी बऱ्याच विमानतळांवर वेगळी टेबलं असतात. काही ठिकाणी पैसे भरले की एक माणूस सोबत येतो, वाट दाखवतो, सामान उचलतो. पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्याला त्याची मदत होते. पण पैसे भरले म्हणून तपासणी टळत नाही. मुदत संपलेला पासपोर्ट कितीही पैसे भरले तरी चालत नाही! ही रांग बरोबर की चूक, यावर आमच्या वर्गात जोरदार वाद झाला. काही म्हणाले, "त्यायनं पैसे देल्ले, मंग जाऊ द्या." काही म्हणाले, "देवाच्या दर्शनालाही असंच होते, ते मले नाई आवडत." मी निकाल दिला नाही. तुम्ही घरी बोलून ठरवा.

तिसरा प्रकार गरजेचा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विमान कंपनी चाकाची खुर्ची देते. ती तिकीट काढतानाच, निदान 48 तास आधी तरी मागून ठेवावी. खुर्ची ढकलणारा कर्मचारी त्यांना सगळीकडून पुढे नेतो. लहान मुलांचाही विचार होतो बरं का! दुबईच्या विमानतळावर 2023 साली 4 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी खास ठेंगणी टेबलं केली. तिथे मुलं स्वतःच्या पासपोर्टवर स्वतः शिक्का मारतात. हे ऐकून आमचा अख्खा वर्ग दुबईला निघाला होता!

पण या तिसऱ्या रांगेतच सगळ्यात वाईट फसवणूक होते. काही धडधाकट माणसं रांग चुकवायला चाकाची खुर्ची मागतात. खुर्च्या मोजक्याच असतात, ढकलणारी माणसंही मोजकीच. मग खरोखर गुडघे धरलेल्या एखाद्या आजीला ताटकळत बसावं लागतं. आपल्या एसटीत 'अपंगांसाठी राखीव' लिहिलेल्या जागेवर खिडकीतून रुमाल टाकणारा आणि हा माणूस, दोघे सारखेच.

आणि तो मुलगा?

हे फळ्यावर लिहून मी वळले, तेव्हा चौथीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी पहिलीतल्या पोराचा घोळणा फुटला होता. नाकातून रक्त येत होतं. हा त्याच्या डोक्यावर टाकायला पाणी न्यायला आला होता."

वर्ग एकदम शांत झाला. त्याने रांग मोडली नव्हती. त्याची रांगच वेगळी होती. तो मला तेच सांगत होता आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "माझी चूक झाली. मी आधी विचारायला पाहिजे होतं." तो लाजला आणि म्हणाला, "असू द्या मॅडम, दुसऱ्या पोरानं बाटली देल्ली होती."

सोमवारी मुलांनी नळाशेजारी पुठ्ठ्यावर तीन नियम लिहून लावले. लागलं-दुखलं असेल त्याला पहिलं पाणी. पहिलीच्या मुलांना त्यानंतर. बाकी सगळे ओळीने. खाली कोणीतरी बारीक अक्षरात चौथाही लिहिला आहे : 'मॅडमनं आधी विचारावं.' तो मी पुसलेला नाही.

घरी करून पाहा

यंत्र पासपोर्ट इतका झटपट कसा वाचतं? घरात कोणाचा पासपोर्ट असेल, तर मोठ्यांना विचारूनच फोटोचं पान पाहा. खाली दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत बरोबर 44 खुणा असतात. अक्षरं, आकडे आणि बाणाच्या टोकासारखी चिन्हं. यंत्र याच ओळी वाचतं. त्यात चूक पकडणारा एक हुशार आकडाही लपलेला असतो. तो कसा काढतात पाहा.

तुमची जन्मतारीख आधी वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस अशी लिहा. 20 मार्च 2016 असेल तर 160320. या आकड्यांना क्रमाने 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणा आणि बेरीज करा : 7 + 18 + 0 + 21 + 6 + 0 = 52. बेरजेचा शेवटचा आकडा 2, तोच तपासनीस आकडा! यंत्राने चुकून 3 चा 8 वाचला, तर बेरीज 87 होते आणि शेवटी 7 येतो. 2 च्या जागी 7? काहीतरी चुकलं, हे यंत्राला लगेच कळतं.

आता तुमच्या जन्मतारखेचा तपासनीस आकडा काढा. आईबाबांचाही काढा. एक गोष्ट मात्र पाळा. पासपोर्टाचा फोटो काढून कोणाला पाठवायचा नाही आणि गणित झालं की पासपोर्ट जागच्या जागी ठेवायचा.

आणि हो, तुमच्या शाळेत रांगेचे नियम काय आहेत, ते कोणी ठरवले, ते मला जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू या!

तुमची,
बाई