रिमोट चालू आहे तोवरच वहीत उतरवा

सनीव्हेलमधल्या मराठी घरांना, आणि त्यातही ज्यांच्याकडे आई-बाबा सहा-सहा महिने राहायला येतात त्यांना, एक विनंती आहे. घरात लॉजिटेकचा हार्मनी किंवा तसलाच ‘सगळ्यांसाठी एक’ रिमोट असेल, तर त्याचं सेटिंग तो धडधाकट असतानाच उतरवून घ्या. बटणं दबेनाशी झाली की मग हातात फार काही उरत नाही.

लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं एप्रिल २०२१ मध्ये थांबवलं. लोक वापरताहेत तोवर सॉफ्टवेअर आणि सेवा चालू ठेवू, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. पण मुळात या रिमोटचं सेटिंग राहतं कुठे? कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्यात. रिमोटमध्ये उतरते ती त्याची नक्कल. म्हणून पहिलं काम हे, की त्या खात्यात आजच लॉगिन करून बघा. अनेकांनी ते ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं असतं. आपल्या भागात नोकऱ्या किती वेळा बदलतात ते मी सांगायला नको. जुना ईमेल बंद, पासवर्ड आठवत नाही, आणि पासवर्ड बदलायची लिंक जाते त्याच बंद ईमेलवर!

खातं हाताशी असेल तर हार्मनीच्या एका मॉडेलवरून दुसऱ्यावर जाणं त्यातल्या त्यात सोपं. नवा रिमोट त्याच खात्यात जोडला की जुन्याचं सेटिंग घेण्याचा पर्याय मिळतो. उपकरणं आणि ‘टीव्ही बघा’सारख्या ॲक्टिव्हिटी, म्हणजे एका बटणाने सगळी उपकरणं चालू करणारे क्रम, येतात. आपण हौसेने बदललेली बटणं मात्र एकेक दाबून तपासावी लागतात. जुना वापरलेला रिमोट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर आधी त्याचा आवाका विचारा. हार्मनी वनमध्ये १५ उपकरणं मावायची, ६५० मध्ये ८. ३५० मध्येही ८, पण ॲक्टिव्हिटी एकच. मोठ्यातून छोट्यात जाताना काहीतरी गळणारच.

कंपनीच बदलली तर फाइल इकडून तिकडे जाईल ही आशा सोडा. तिथे खरा आधार म्हणजे टीव्ही-साउंडबारबरोबर आलेले मूळ रिमोट. ते फेकू नका. सेल काढून, एका पिशवीत घालून, वर नाव लिहून ठेवा, कारण आत राहिलेले सेल गळून पट्ट्या खातात. ‘लर्निंग’ची सोय असलेला कुठलाही रिमोट या मूळ रिमोटकडून शिकतो. दोघांची तोंडं समोरासमोर, दोन-तीन इंचांवर, टेबलावर सपाट ठेवायची. शिकणाऱ्यावर एक बटण निवडायचं आणि मूळ रिमोटचं तेच बटण दाबायचं. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पडदा ओढा. मूळ रिमोट जिवंत आहे का, ते फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. बटण दाबल्यावर पुढचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो.

या शिकण्याच्या कल्पनेत आपल्या शेजारचाही वाटा आहे. सनीव्हेलमध्ये वाढलेल्या स्टीव्ह वॉझनियॅकने ॲपलमधून बाहेर पडल्यावर सीएल ९ नावाची कंपनी काढली आणि १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला. धंदा फार चालला नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते पॉवरचं बटण. बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद करायला एकच बटण असतं. टीव्ही आधीच चालू असला की ॲक्टिव्हिटी सुरू करताना तो नेमका बंद होतो, साउंडबार मात्र चालू होतो, आणि आजी म्हणतात, ‘मी काहीच केलं नाही गं!’ खरंच केलेलं नसतं. चालू आणि बंदचे वेगवेगळे कोड त्या टीव्हीसाठी मिळत असतील तर तेच घाला.

दुसरी अडचण फायर टीव्ही स्टिकसारख्यांची. तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, इन्फ्रारेडवर नाही, त्यामुळे नुसत्या इन्फ्रारेडच्या रिमोटला ती शिकवता येत नाही. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने एचडीएमआयला जोडलेली उपकरणं चालवायची सोय, चालू करून बघा. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक. माझं मत विचाराल तर टीव्ही, साउंडबार आणि एक स्टिक एवढ्याच पसाऱ्याला हे पुरतं. नवा महागडा रिमोट घेण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवा.

वहीत काय लिहायचं? प्रत्येक उपकरणाची कंपनी आणि मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर. रिमोटला दिलेला कोड. कुठली वायर एचडीएमआयच्या कितव्या भोकात आहे. आवाज कुठल्या उपकरणाने कमी-जास्त होतो. आणि क्रम: आधी टीव्ही, तो जागा होईपर्यंत थोडं थांबून बॉक्स, मग इनपुट २. हा क्रम एरवी घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असतो, आणि तो माणूस दिवसभर ऑफिसात. मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलंत तर त्याच पानाचा फोटो आई-बाबांच्या फोनवरही ठेवता येईल.

पुण्याच्या घरासाठी हाच उद्योग करणार असाल तर एसीला त्यातून वगळा. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक कोड पाठवतो. एसीचा रिमोट बहुधा प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड असं सगळंच एकदम पाठवतो. २४ अंशांना शिकवलेलं बटण कायम २४ च लावेल. त्याच मॉडेलचा दुसरा रिमोट विकत आणा.