पडद्याआडचे निंदक

स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी इ. स. २०११ साली इयान कुक, मार्टिन डोहर्टी व लॉरेन मेबेरी ह्या तिघांनी ‘चर्चेस’ नामक वाद्यवृंद स्थापिला. सिंथेसायझर यंत्रांतून उठणारे स्वर आणि मेबेरीबाईंचा स्वच्छ, कोवळा कंठ ह्यांवर त्यांच्या गीतांची सारी भिस्त. तळघरातील ध्वनिमुद्रणशाळेत सिद्ध झालेला त्यांचा पहिला गीतसंग्रह सप्टेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कीर्ती दारी आली. तिच्या पाठोपाठ विटंबनाही आली. श्रोत्यांचे निरोप ही मंडळी स्वतःच वाचीत असत. त्यांतून निनावी पुरुष गायिकेस अश्लील मजकूर व धमक्या पाठवीत. लोकांपुढे उभे राहायचे तर हे सोसलेच पाहिजे, असा शहाजोग उपदेशही तिच्या कानी आला.

कायदा व वृत्तपत्रविद्या शिकलेल्या ह्या विदुषीने तो मानला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘गार्डियन’ पत्रात स्वनामे लेख लिहून, असली विटंबना कोणीही निमूट सोसू नये, असे तिने बजावले. पुढे २०२१ साली निघालेल्या चौथ्या संग्रहास त्यांनी ‘स्क्रीन व्हायोलन्स’, म्हणजे ‘पडद्यावरील हिंसा’, हे नाव दिले. वाद्यवृंदाच्या जन्मकाळी त्याच्यासाठीच सुचलेले हे नाव अनुभवाने सार्थ झाले होते.

गीत रुचले नाही तर श्रोत्याने खुशाल टीका करावी. परंतु गाणारीच्या अब्रूवर हात टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? कलावंताप्रमाणे रसिकालाही मर्यादा असते, हे सुज्ञ वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको.