घसरगुंडीखालची जमीन

बालोद्यानाच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात रंगीत घसरगुंडी असते, झोपाळे असतात आणि फीत कापणारे लोकप्रतिनिधीही असतात. घसरगुंडी जिथे संपते, ती जमीन मात्र क्वचितच दिसते. खेळसाहित्याच्या सुरक्षा-मानकांचा गेल्या चार दशकांतील प्रवास प्रामुख्याने या जमिनीकडेच झाला आहे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८१ मध्ये सार्वजनिक क्रीडांगणांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली. डांबरी पटांगणावर उंच लोखंडी साहित्य उभारण्याची तिथली जुनी रीत होती. बहुतेक इजा पडल्यामुळे होतात आणि मूल किती उंचीवरून पडले याइतकेच ते कशावर पडले हेही निर्णायक ठरते, असे अपघातांच्या नोंदींतून दिसले. त्यातून वाळू, लाकडाचे तुकडे व रबर यांचे थर आले. साहित्याभोवती ६ फूट मोकळी जागा आली. ३.५ ते ९ इंचांच्या फटी धोक्याच्या ठरल्या, कारण त्यातून लहान मुलाचे धड निसटते, पण डोके अडकते.

युरोपने १९९८ मध्ये 'ईएन ११७६' हे समान मानक आणले. पडण्याची उंची ३ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि खालच्या पृष्ठभागाची आघातचाचणी व्हावी, हे तत्त्व रुजले. पुढे अतिसावधगिरीने खेळच नीरस होतो, अशी टीकाही झाली. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २०१२ मध्ये स्पष्ट केले की, सारा धोका नाहीसा करणे हे उद्दिष्ट नसून धोका आणि लाभ यांचा तोल साधायचा आहे. गुडघा खरचटणे आणि कवटीला मार बसणे यांतला फरक ओळखणे, हाच तो तोल.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. त्यात घसरगुंड्या व झोपाळेही आले, परंतु त्यासंबंधीचे मानक घरगुती वापरापुरते आहे. म्हणजे घरातल्या प्लास्टिकच्या घसरगुंडीला सक्तीची कसोटी आहे; शेकडो मुले वापरतात त्या उद्यानातील घसरगुंडीला या आदेशाचे संरक्षण नाही. तिथे भिस्त महापालिकेच्या निविदेतील अटींवरच. घसरगुंडीच्या टोकाशी पेव्हर ब्लॉक किंवा तुडवून दगडासारखी झालेली माती, हे आपल्या शहरांतील परिचित दृश्य आहे. खालच्या थराची जाडी, आघातचाचणी आणि नियमित तपासणीची नोंद या तीन अटी निविदेत घालण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नागरिकांनी नगरसेवकाकडे नवी घसरगुंडी मागताना तिच्याखालच्या जमिनीचाही हिशेब मागावा.