मार्क कोणाचे कापायचे?

"आरोग्यसाक्षरता" हा शब्द ऐकलाय का मंडळी? लोकांना आरोग्याची माहिती कितपत कळते आणि वापरता येते, ते. आणि ती मोजायच्या चक्क चाचण्या आहेत! वाचल्या, आणि डोकं फिरलं.

सगळ्यात मजेशीर २००५ सालची अमेरिकन चाचणी. हातात आइस्क्रीमच्या डब्याचं लेबल देतात आणि सहा प्रश्न. अख्खा डबा संपवला तर किती कॅलरी? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे खावं का? चार उत्तरं बरोबर आली की पास. आता हे घेऊन आमच्या पोशीरला जा. तिथे भाताच्या टोपावर कुठलं लेबल!

त्याआधीची एक आहे. ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायचे. अर्थ कोणी विचारत नाही, उच्चार बरोबर आला की मार्क. इंग्रजीत याला थोडा तरी आधार आहे, कारण नुसतं स्पेलिंग बघून उच्चार कळत नाही, शब्द आधी कानावरून गेलेला लागतो. पण देवनागरीत? चौथीतला पोरगा "मूत्रपिंडविकार" खणखणीत वाचेल. झाला आरोग्यसाक्षर :)

युरोपातल्या ४७ प्रश्नांच्या चाचणीत तर, डॉक्टरांचं बोलणं समजायला सोपं जातं की अवघड, असं लोकांनाच विचारतात. आपल्याकडे "समजलं ना?" याला उत्तर एकच, "हो साहेब". बाहेर एवढी रांग असताना नाही कोण म्हणणार?

माझं भांडण असं, की परीक्षेला बसतो तो पेशंट आणि नापास होतो तोही पेशंटच. सांगणाऱ्याचे मार्क कोणी कापत नाही.

पोशीरची आमची आत्या सातवी शिकलेली. बीपीची गोळी, "रोज जेवणानंतर एक". आत्या एकादशी करते, नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते. जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कुठली? सूचना तिने तंतोतंत पाळली हो! बीपी वाढलं तेव्हा दवाखान्यात ऐकून मात्र तिनेच घेतलं, "गावाकडच्या लोकांना कितीही सांगा..." पुढे मेडिकलवाल्याने तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. पांढरीची गुलाबी झाली. आत्याने घरात उरलेल्या पांढऱ्याही चालू ठेवल्या आणि गुलाबीही. औषधाचं नाव पट्टीवर होतं की, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आता गडचिरोलीचं बघा. तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, त्याहून मोठ्याला ५०, तिथपासून धोका. सुईणींना एवढे आकडेच येत नव्हते. चाचणी घेतली असती तर सगळ्या नापास. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी चाचणी घेतली नाही, वाळूचं घड्याळ आणि मणी जोडून एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. त्याबद्दलचा त्यांचा लेख १९९२ सालचा आहे. सुईणी त्याच, आकडे न येणाऱ्या. बदललं ते साधन.

मोजू नका असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी शेवटी एवढंच विचारावं, "आजी, घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, सांगा बघू". उत्तर चुकलं तर मार्क सांगणाऱ्याचे कापायचे. बाहेरच्या देशांत याला "टीच-बॅक" म्हणतात आणि रीतसर शिकवतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

आपल्याकडे २०१६ साली मेडिकल कौन्सिलने नियम केला की औषधांची नावं नीट वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. चांगलंच झालं, मेडिकलवाल्याची सोय झाली. "उपासाच्या दिवशीही घ्या" हे मराठीत कोणी लिहायचं?

माझी भाची पब्लिक हेल्थ शिकते. तिला म्हटलं, प्रोजेक्टसाठी पोशीरच्या पन्नास बायकांना प्रश्न विचारत फिरू नकोस, नेरळ-कर्जतच्या पन्नास चिठ्ठ्या गोळा कर आणि त्यांना मार्क दे. ती म्हणाली, "मावशी, त्याचा फॉर्मच नाहीये."